पवई ते सीप्झ : कोणी कोणाला घडवलं?

पवईच्या आयआयटीच्या मेन गेटवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने निघालात आणि ट्रॅफिक नसेल (म्हणजे पहाटे), तर पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही अंधेरीच्या सीप्झपाशी पोचता. एका टोकाला इंजिनिअर घडवणारी संस्था, दुसऱ्या टोकाला सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या कंपन्या. दोन्ही इतक्या जवळ आहेत, की गोष्ट आपोआप तयार होते: इकडे मुलं कॉम्प्युटर शिकली, तिकडे नोकरीला लागली, आणि मुंबईचा सॉफ्टवेअर उद्योग उभा राहिला.

तुमच्यापैकी जे पीएचडीचा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यातल्या किमान चौघांनी तरी 'अमुक उद्योगाच्या वाढीत तंत्रशिक्षणाचे योगदान' असं काहीतरी शीर्षक लिहून ठेवलं असेल. मला दर महिन्याला असे एक-दोन मेल येतातच. म्हणून आज एकच उदाहरण जरा सविस्तर घेऊ. कंपनी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे आपली टीसीएस. काळ मुख्यतः १९५८ ते १९८३. आणि प्रश्न साधा आहे: शिक्षणाने कंपनी घडवली, की कंपनीने शिक्षण?

पहिली पायरी म्हणजे वर्षं एका कागदावर एकाखाली एक लिहा. हसू नका, मी फिजिक्समधून एमएस्सी करून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलो तेव्हा गाईडने मला पहिल्या आठवड्यात हेच करायला लावलं होतं. आयआयटी मुंबईची पहिली शंभर मुलांची बॅच १९५८ मध्ये सुरू झाली. तीसुद्धा पवईत नाही, वरळीला 'सस्मिरा'च्या इमारतीत, उसन्या जागेत. पवईला नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली मार्च १९५९ मध्ये. टीसीएस सुरू झाली १९६८ मध्ये, टाटा सन्सचा एक विभाग म्हणून, नरिमन पॉइंटला. सीप्झ, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, आलं १९७३ मध्ये. आणि आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्स हा स्वतंत्र विभाग झाला १९८२ मध्ये.

आता हे आकडे पुन्हा बघा. विभाग निघण्याआधी चौदा वर्षं कंपनी चालू होती. म्हणजे 'मुलं कॉम्प्युटर शिकली आणि कंपनीत गेली' हे वाक्य, निदान पवईपुरतं, क्रमानेच चुकतं. मग त्या चौदा वर्षांत कंपनीला माणसं कुठून मिळाली आणि ती कॉम्प्युटर शिकली कुठे? प्रबंधाचा विषय इथे सुरू होतो.

उत्तराचा एक धागा पुरुषोत्तम काशिनाथ केळकरांपाशी जातो. केळकर धारवाडचे, जन्म १९०९ चा. मुंबईत विज्ञानाचं शिक्षण, मग बंगळूरचं भारतीय विज्ञान संस्थान, मग लिव्हरपूलची डॉक्टरेट. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. पवईची आयआयटी कागदावर उभी करण्याचं काम त्यांच्याकडे आलं, आणि ती जेमतेम सुरू झाली तोच १९५९ च्या अखेरीस त्यांना कानपूरच्या नव्या आयआयटीचे पहिले संचालक म्हणून पाठवलं गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी प्रत्येक आयआयटीला वेगवेगळ्या देशाचा टेकू होता. पवईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत होती, कानपूरला अमेरिकन. त्यामुळे कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० हे यंत्र आलं आणि तिथे विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांनासुद्धा प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात झाली. पवईला आलं ते सोव्हिएत मिन्स्क. पुढे सत्तरच्या दशकात ईसी-१०३० आलं. हे यंत्र सोव्हिएत असलं तरी आयबीएमच्या ३६० मालिकेशी जुळणारं होतं, त्यामुळे शीतयुद्धाच्या पलीकडच्या बाजूचं यंत्र वापरून पवईतली मुलं अमेरिकन पद्धतीचं काम शिकत होती. पण हे पुढचं. साठच्या दशकात कॉम्प्युटर शिकायचा तर कानपूर पुढे होतं आणि पवई मागे, आणि याचा संबंध कोणाच्या हुशारीशी नव्हता. कोणत्या देशाची मदत कोणत्या गावाला मिळाली, एवढाच तो फरक होता.

कानपूरसाठी चांगले प्राध्यापक शोधताना केळकरांनी ज्यांची मदत घेतली, त्यांत मुंबईतल्या एका वीज कंपनीतला एक इंजिनिअर होता. फकिरचंद कोहली. जन्म पेशावरचा, १९२४. शिक्षण लाहोर, कॅनडातलं क्वीन्स विद्यापीठ, मग एमआयटी. १९५१ पासून टाटा इलेक्ट्रिकमध्ये. हेच कोहली १९६९ मध्ये टीसीएसचे जनरल मॅनेजर झाले आणि १९९६ पर्यंत कंपनी त्यांच्याच हाताखाली वाढली.

वीज कंपनीतला माणूस सॉफ्टवेअरमध्ये कसा, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात रसाळ भाग आहे आणि तोच बहुतेक लोक एका वाक्यात उरकतात.

टाटांची वीज येत होती घाटमाथ्यावरच्या पाण्यातून. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, आणि मुळशीच्या पाण्यावरचं भिऱ्याचं १९२७ चं. (मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी केलेला सत्याग्रह तुम्ही शाळेत वाचलाय. तीच ही वीज.) मग १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र आलं. आता विचार करा. पाण्याचं केंद्र काही मिनिटांत चालू करता येतं, पण तलावातलं पाणी मोजकं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं. औष्णिक केंद्राला पाण्याची अशी मर्यादा नाही, पण ते थंड स्थितीतून सुरू करायला तास लागतात आणि जळणाचा खर्च येतो. संध्याकाळी लोकल गच्च भरून धावतात, गिरण्यांची पाळी चालू आहे, घरोघरी दिवे लागलेत. अशा वेळी कोणत्या केंद्रातून किती वीज काढायची? आणि ती तारांतून वाहताना किती वाया जाईल?

याला लोड डिस्पॅच म्हणतात. गणिताच्या भाषेत ही एकमेकांत गुंतलेली बरीचशी समीकरणं असतात, आणि ती सरळ रेषेतली नसतात. म्हणजे एक अंदाज घ्यायचा, तो समीकरणांत टाकायचा, चूक किती येते ते बघायचं, अंदाज सुधारायचा, पुन्हा टाकायचा. हाताने करायचं तर संध्याकाळ उलटून जाईल. कॉम्प्युटरला मात्र हेच काम आवडतं. टाटा इलेक्ट्रिकने अशा गणितांसाठी कुलाब्याच्या टीआयएफआरचं यंत्र वापरलं. टीआयएफआरने स्वतः बांधलेलं टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झालं होतं, आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आलं, जे देशभरातले लोक पंच कार्डांचे गठ्ठे घेऊन येऊन वापरत.

तर कोहलींना कॉम्प्युटर समजला तो कॉम्प्युटर शिकून नव्हे, तर विजेचा हिशेब करताना. पुढे टीसीएसने कोणत्याही शाखेचा इंजिनिअर घ्यायचा आणि त्याला आपणच शिकवायचं, हे जे धोरण ठेवलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं. हे माझं अनुमान आहे. कंपनीच्या लोकांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत धोरण कसं दूरदृष्टीचं होतं हे वाचायला मिळतं. मला वाटतं, दुसरा पर्यायच नव्हता. कॉम्प्युटरची पदवी देणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नव्हती, मग निवड कशातून करणार?

अर्थात, कोहली येण्याआधी बीज दुसऱ्यांनी टाकलं होतं, आणि हे नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं. ललित कानोडिया. पवईच्या अगदी सुरुवातीच्या बॅचमधले, शाखा मेकॅनिकल. इथून एमआयटीला गेले. तिथे तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे प्रयोग चालू होते. १९६५ च्या सुमारास कानोडिया भारतात आले असताना त्यांनी टाटा समूहासाठी काही अभ्यास केले. पुढे त्यांनी, नितीन पटेल आणि अशोक मल्होत्रा या एमआयटीच्याच आणखी दोघांना बरोबर घेऊन, टाटांचं कॉम्प्युटर केंद्र उभं केलं. त्यातूनच टीसीएस झाली. सुरुवातीची कामं काय होती? टिस्कोसाठी पंच कार्डांवरचं काम, सेंट्रल बँकेच्या शाखांमधले हिशेब जुळवणं, युनिट ट्रस्टचं काम. ग्लॅमर शून्य.

कानोडिया नंतर बाहेर पडले आणि १९७५ मध्ये त्यांनी डेटामॅटिक्स काढली. तिचं मुख्यालय आज अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत आहे. म्हणजे पवईहून अंधेरीला पोचलेला हा माणूस वाटेत बोस्टन आणि नरिमन पॉइंट करून आला. आपण सुरुवातीला नकाशावर जी पंधरा-वीस मिनिटांची रेघ काढली होती, ती प्रत्यक्षात अशी लांबून फिरून गेलेली आहे.

आता सीप्झकडे. १९७० च्या दशकात कॉम्प्युटर आयात करणं म्हणजे दिव्य होतं. परकीय चलनाची टंचाई, वर जबर आयातशुल्क. सरकारने वाट काढली ती अशी: यंत्र आणा, पण त्याबदल्यात ठरलेल्या मुदतीत ठरलेलं परकीय चलन सॉफ्टवेअर निर्यात करून मिळवून द्या. १९७४ मध्ये टीसीएसला अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं काम मिळालं. अडचण अशी की हाताशी बरोजचं यंत्र नव्हतं. होतं ते ब्रिटिश आयसीएल १९०३. मग टीसीएसच्या लोकांनी एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राला चालेल असा करून देणारा आणखी एक प्रोग्रॅम लिहिला, आणि काम आयसीएलवर करून दिलं. काही वर्षांनी टाटा-बरोज ही संयुक्त कंपनी सीप्झमध्ये आली. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर काम करू शकणारी माणसं एकदम मोलाची ठरली.

या प्रसंगाकडे शिक्षणाचा इतिहास म्हणून बघा. हा अनुवादक प्रोग्रॅम कसा लिहायचा, हे त्या मुलांना कोणत्याही बी.ई.च्या अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं. कॉलेजातून त्यांनी आणलं होतं ते गणित, न येणारा प्रश्न तुकडे करून सोडवायची सवय, आणि अवघड प्रवेश परीक्षेतून गाळून आल्याचा शिक्का. कंपनीला यातला शिक्का सर्वात स्वस्तात मिळाला, कारण गाळण्याचा खर्च सरकारने केला होता.

आणि हे वाक्य लिहिलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: सरकारी पैशावर शिकलेल्यांपैकी किती जण इथे राहिले? याचं उत्तर पवईतल्याच दोघांनी शोधलं. सुहास पांडुरंग सुखात्मे, जे पुढे १९९५ ते २००० आयआयटी मुंबईचे संचालक होते, आणि त्यांचे सहकारी आय. महादेवन. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी १९७३ ते १९७७ या वर्षांत पवईतून बी.टेक. झालेल्यांचा माग काढला. त्यांपैकी ३०.८ टक्के परदेशात स्थायिक झालेले आढळले. देशातल्या एकूण इंजिनिअरांसाठी हेच प्रमाण त्यांनी ७.३ टक्के धरलं.

हे दोन आकडे नीट वाचा, कारण ते दोन्ही बाजूंनी वापरले जातात. टीका करणारे ३०.८ दाखवतात. बचाव करणारे म्हणतात, म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के इथेच आहेत की! दोघेही आकडा बरोबर सांगतात. माझ्यासारख्याला त्यातून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हे काम करायला त्यांना माजी विद्यार्थ्यांचा माग एकेक करून काढावा लागला, आणि 'गेला' किंवा 'राहिला' याची व्याख्या आधी ठरवावी लागली. टीसीएसच्या नोकरीत असून वर्षानुवर्षं अमेरिकेत क्लायंटच्या ऑफिसात बसणारा माणूस कुठे धरायचा? १९७० च्या दशकात हा प्रश्न लहान होता. नव्वदीनंतर तो प्रचंड झाला. तुमच्या विषयात असा एखादा रकाना असेलच, ज्यात माणूस धड इकडे बसत नाही आणि धड तिकडे. तो आधी शोधा. गाईड पहिल्या प्रेझेंटेशनला नेमका तोच विचारतात.

आता बाण उलटा फिरवू. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. उपनगरांत बघा: विद्याविहारचं सोमय्या १९८३, वांद्र्याचं थडोमल शहानी १९८३, चेंबूरचं विवेकानंद १९८४. नव्वदीत विलेपार्ल्याचं संघवी, मग बोरिवलीपर्यंत रांग लागली. या कॉलेजांत कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, पुढे आयटी या शाखा जोरात निघाल्या, कारण त्यांना मागणी होती, आणि मागणी होती कारण सीप्झ होतं, एमआयडीसी होती, परदेशी कामं होती. या टप्प्यावर शिक्षणाच्या मागे उद्योग नव्हता, उद्योगाच्या मागे शिक्षण धावत होतं. ज्यांचे दादा-ताई या काळात शिकले त्यांना घरी विचारा: सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनाही कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपन्याच घेऊन गेल्या की नाही? मग तीन-चार महिन्यांचं ट्रेनिंग, आणि ज्याने चार वर्षं बॉयलर आणि गिअर वाचले तो बँकेच्या प्रोग्रॅममध्ये दोन आकडी वर्ष चार आकडी करत बसला, कारण २००० साल जवळ आलं होतं.

याला वाया गेलं म्हणायचं का? माझी स्वतःची मतं दोन आहेत आणि ती आपसांत भांडतात. घराघरांत पगार आला, डोंबिवली-मुलुंडच्या दोन खोल्यांतून माणसं बाहेर पडली, हे खरं. आणि गिरण्या, कारखाने बंद पडत असताना यंत्रांची समज असलेली एक पिढी यंत्रांपासून लांब गेली, हेही खरं. सांख्यिकीने यातलं काय किती, हे ठरवणं अवघड आहे, कारण 'ते तिकडे गेले नसते तर काय झालं असतं' याचा डेटा नसतो.

गोष्ट फक्त टाटांची नाही, म्हणून पटकन दोन नावं. अशांक देसाई मुंबई विद्यापीठाचे इंजिनिअर, एम.टेक. पवईचं, मग अहमदाबादचं आयआयएम. तिथल्या सोबत्यांबरोबर १९८२ मध्ये त्यांनी मास्टेक काढली, पत्ता सीप्झ. दुसरे नंदन निलेकणी, पवईचे १९७८ चे इलेक्ट्रिकल. पहिली महत्त्वाची नोकरी मुंबईत पटणी कॉम्प्युटर्समध्ये, आणि तिथे त्यांना घेणारे नारायण मूर्ती कानपूरचे एम.टेक. बघा, पुन्हा कानपूर. १९८१ मध्ये पटणीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी इन्फोसिस सुरू केली ती पुण्यात, आणि दोन वर्षांनी ती बंगळूरला गेली. इन्फोसिसला मराठी मातीतून उचलून नेली असं म्हणणारे लोक भेटतात. ग्राहक जिथे गेला तिथे ती गेली, इतकंच.

कंपनी आणि विद्यापीठ या दोन खांबांच्या मध्ये तिसरंही काही होतं, आणि ते नेहमी गाळलं जातं. टीआयएफआरमधून निघालेलं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, एनसीएसटी, जुहूला गुलमोहर रस्त्यांच्या त्या शांत गल्ल्यांत होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जुहू आणि पवई यांच्यात फोनच्या तारेवरून ईमेल सुरू झाली, अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातली ती पहिली जोडणी. जुहूहून पुढे ती अमेरिकेला जोडली गेली. हे केंद्र कंपनी नव्हतं, विद्यापीठही नव्हतं. नफ्याच्या ताळेबंदात ते सापडत नाही आणि दीक्षांत समारंभाच्या यादीतही नाही. २००३ मध्ये ते सी-डॅकमध्ये विलीन झालं. नाव बदललं की संस्था शोधयंत्रातून जवळजवळ नाहीशी होते, हे शोधनिबंध शोधताना लक्षात ठेवा.

टीसीएसने मग काय परत दिलं? १९८१ मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था निघाली, आणि तिचे पहिले प्रमुख ई. सी. सुब्बाराव हे आयआयटी कानपूरचे प्राध्यापक, विषय पदार्थविज्ञानाला जवळचा, मटेरियल्सचा. तिथेच पुढे केशव नोरी आले, ज्यांनी झुरिकला पास्कल भाषेच्या कंपायलरवर काम केलं होतं. म्हणजे आता प्राध्यापकच कंपनीकडे येत होते. आणि निवृत्तीनंतर कोहली स्वतः पुण्याच्या सीओईपीच्या, म्हणजे १८५४ पासूनच्या आपल्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. नुसत्या आयआयटींकडे बघून चालणार नाही, बाकीची कॉलेजं सुधारा, हा त्यांचा शेवटपर्यंतचा धोशा होता. २०२० मध्ये ते गेले.

पैशाचा बाणही उलटा फिरला. पवईत १९९८ च्या सुमारास कंवल रेखी या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून आयटीचं स्कूल निघालं. जून २०२३ मध्ये निलेकणींनी ३१५ कोटी रुपये दिले. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांतून शिकून सीप्झमध्ये राबलेल्यांची संख्या पवईवाल्यांच्या कितीतरी पट, पण त्यांच्या जुन्या कॉलेजांना असं काही मिळाल्याच्या बातम्या तुम्ही किती वाचल्यात?

या विषयात काम करायचं असेल, तर मी तुम्हाला टीसीएसपासून सुरुवात करा असं सांगणार नाही. तिच्यावर पुस्तकं आहेत, आठवणी आहेत, मुलाखती आहेत, आणि त्या सगळ्या जिंकलेल्यांच्या आहेत. त्यापेक्षा एक कॉलेज घ्या. समजा विद्याविहारचं किंवा वांद्र्याचं. १९८७ ची पहिली बाहेर पडलेली बॅच घ्या, साधारण दोन-अडीचशे माणसं. ती आज साठीच्या आसपास आहेत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत, आणि बोलायला उत्सुक आहेत. पहिली नोकरी कोणती, शाखा कोणती, ट्रेनिंग किती आठवड्यांचं, कोणतं यंत्र, परदेशात किती महिने, आणि कॉलेजात शिकलेलं नेमकं काय वापरलं, इतके सहा प्रश्न पुरतील. मुलाखतीची परवानगी लेखी घ्या आणि नैतिकता समितीचा फॉर्म आधी भरा, नंतर नाही. पंच ऑपरेटर म्हणून काम केलेल्या कोणी भेटल्या तर त्यांना सोडू नका. त्यांची नावं माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याच यादीत नसतात, त्यामुळे एकीने दुसरीचा नंबर दिला तरच पुढे जाता येतं.

पुढच्या वेळी एनसीएसटीवर लिहीन. कोणाकडे तिथल्या जुन्या प्रवेश परीक्षेचे पेपर असतील तर जपून ठेवा.